उन्हाळ्यात घर गार ठेवताना विजेचे बिल कसे कमी करावे

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो आणि स्लॅबच्या घरात, विशेषतः सर्वांत वरच्या मजल्यावर, राहणाऱ्यांचे विजेचे बिलही त्याच्यासोबत चढते. अशा वेळी बहुतेक कुटुंबे आधी एसीचा विचार करतात. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. उष्णता आधी बाहेरच अडवावी, मग वारा खेळवावा, त्यानंतर कूलर वापरावा आणि एसी सर्वांत शेवटी.

पहिली पायरी बिल वाचण्याची आहे. फेब्रुवारी आणि मे या महिन्यांचे युनिट शेजारी-शेजारी लिहावेत. दोहोंतील फरक हा ढोबळमानाने घर गार ठेवण्याचा खर्च असतो. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांवर वाढत जातात, म्हणून वाचणारे युनिट आधी तुमच्या वापरातील सर्वांत महाग टप्प्यातले असतात. 340 युनिट वापरणाऱ्या घराने 60 युनिट वाचवले, तर त्यांतील 40 युनिट 300 च्या वरच्या दराचे असतात.

दुसरी पायरी गच्ची, आणि सर्वाधिक लक्ष तिलाच द्यावे. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात येतो, म्हणजेच त्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि ऊन भिंतींपेक्षा गच्चीवर अधिक सरळ व अधिक वेळ पडते. काँक्रीटचा स्लॅब ही उष्णता दिवसभर साठवतो आणि संध्याकाळनंतर खोलीत सोडत राहतो. त्यामुळे बाहेर हवा निवली तरी मध्यरात्रीपर्यंत छत तापलेलेच राहते. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परतवून लावतो, म्हणून होळीच्या सुमारास गच्चीला चुना लावावा. त्यासाठी गच्ची झाडून, शेवाळ खरवडून, धुऊन वाळू द्यावी. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवावा. विरताना तो उकळतो, म्हणून लोखंडी भांडे वापरावे (अॅल्युमिनियमचे नको), मुलांना दूर ठेवावे आणि हात व डोळे झाकावेत. दुसऱ्या दिवशी तो गाळून, चिकटून राहावा म्हणून त्यात थोडे पांढरे सिमेंट आणि फेविकॉल मिसळावे, आणि ऊन चढण्यापूर्वी रुंद ब्रशने पहिला हात द्यावा. तो वाळल्यावर दुसरा हात आडव्या दिशेने द्यावा. पावसात हा थर बराचसा धुऊन जातो आणि काम दरवर्षी करावे लागते. तरीही इतक्या कमी खर्चात इतका उपयोग देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. पावसाचे पाणी साठवत असाल, तर पहिल्या काही सरींचे पाणी टाकीत घेऊ नये. कायमचा उपाय हवा असल्यास गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक करून घेता येते. सोसायटीत राहणाऱ्यांनी आधी परवानगी घ्यावी.

त्यानंतर खिडक्या. पूर्वेच्या आणि त्याहूनही पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरच्या बाजूने बांबूच्या चिका, तट्ट्या किंवा हिरवी जाळी लावावी. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोपर्यंत उष्णता काचेतून आत आलेली असते. सकाळी हवा तापू लागताच खिडक्या बंद कराव्यात आणि सूर्यास्तानंतर समोरासमोरच्या उघडाव्यात.

पंखा खोली गार करत नाही, तर अंगावरचा घाम सुकवून माणसाला गारवा देतो, त्यामुळे रिकाम्या खोलीतील पंखा ही निव्वळ उधळपट्टी आहे. साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, तर बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा, साधारण 28 ते 35 वॅट. रोज 16 तास चालणारा एक पंखा बदलल्यास महिन्याला सुमारे 20 युनिट वाचतात. सर्वांत जास्त चालणारा पंखा आधी बदलावा.

कोरड्या हवेत कूलरला तोड नाही, कारण तो एसीच्या तुलनेत फारच थोडी वीज घेतो. कूलरच्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या बाजूच्या गवती जाळ्या, हंगामाच्या सुरुवातीलाच बदलाव्यात, कूलर खिडकीबाहेर सावलीत बसवावा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे. दमट हवा बाहेर गेली नाही तर गारवा थांबतो. कोकणातल्या दमट हवेत मात्र कूलरवर पैसे खर्च करू नयेत. डेंग्यूचे डास प्रामुख्याने स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतात, म्हणून दर आठवड्याला टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करावी. टाकीला हात लावण्यापूर्वी प्लग काढणे अनिवार्य आहे.

एसी लागतोच, तेव्हा तो 26 अंशांवर ठेवून पंखा मंद चालवावा. तापमान एका अंशाने वाढवल्यास साधारण 6 टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज आहे. एसीच्या खोलीत कूलर कधीही लावू नये. कूलरने हवेत घातलेला ओलावा काढण्यातच एसीची वीज जाते. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा, दाराखालची फट कापडी पट्टीने बुजवावी आणि बाहेरच्या युनिटला सावली देताना त्याचा वारा अडणार नाही हे पाहावे. घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा आजारी व्यक्ती असल्यास उष्णतेच्या लाटेत बिलाकडे पाहून कूलर वा एसी बंद करू नये. बचत घरातल्या इतर खोल्यांतून करावी.