शुगर, लोकल आणि घरची माणसे: मधुमेहासह मुंबईतला दिवस कसा सांभाळावा

मधुमेहाविषयीचा बराचसा सल्ला असे गृहीत धरून दिलेला असतो की, जेवणाची, झोपेची आणि चालण्याची वेळ माणसाच्या स्वतःच्या हातात आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्याच्या या तिन्ही वेळा लोकलचे वेळापत्रक, कार्यालयातील कामे आणि पाऊस ठरवतात. मी मुलुंडला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते, मला सोळा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे आणि गेली सहा वर्षे मी इन्सुलिन घेते. या काळात जे उपयोगी पडले ते येथे लिहीत आहे. औषधाचे प्रमाण बदलण्याचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

सर्वांत आधी साखर एकाएकी कमी होण्याविषयी लिहिते, कारण इतर त्रासांना दिवस किंवा वर्षे लागतात, तर याला काही मिनिटे पुरतात. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, जिभेला आणि ओठांना मुंग्या येतात आणि विनाकारण चिडचीड होते. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. आपल्याकडे ग्लिमेपिराइड अनेकदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत दिलेले असते, त्यामुळे पाकिटावरची घटकद्रव्ये एकदा नीट वाचावीत किंवा औषधविक्रेत्याकडून समजून घ्यावीत.

उपाय सोपा आहे, पण तो जवळ असावा लागतो. १५ ग्रॅम जलद साखर घ्यावी, म्हणजे ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर सुमारे तीन चहाचे चमचे, किंवा गोड फळांच्या रसाचा १५० मिलिलिटरच्या आसपासचा खोका. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे आणि सावरल्यावर जेवणाला वेळ असेल तर पोळी किंवा पाव असे काहीतरी खावे. चॉकलेट आणि क्रीमची बिस्किटे या वेळी कामाची नाहीत, कारण त्यांतील स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असलेल्यांनी ग्लुकोजच जवळ ठेवावे, कारण या गोळ्यांमुळे साध्या साखरेचे पचन लांबते. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ही माहिती मला पाठ होती, तरीही एका जुलैच्या सकाळी ती मला वापरता आली नाही. रुळांवर पाणी साचल्यामुळे आमची गाडी कुर्ला आणि शीव यांच्या मध्ये थांबली होती. नाश्ता कार्यालयात करायचा म्हणून मी घरीच इन्सुलिन टोचून निघाले होते, जी माझीच चूक होती, आणि पर्समधले ग्लुकोजचे पाकीट आदल्या आठवड्यात संपलेले होते. घाम फुटल्यावर मी शेजारच्या बाईंना एवढेच म्हणाले, “मला जरा चक्कर येते आहे.” महिलांचा डबा तत्काळ मदतीला धावला. कोणी खिडकीजवळ जागा दिली, कोणी पाणी दिले, कोणी वहीने वारा घातला. साखर मात्र कोणी दिली नाही, कारण मी ती मागितलीच नव्हती. बऱ्याच वेळाने एका वयस्कर बाईंनी विचारले, “अगं, तुला डायबिटीस तर नाही ना?” तेव्हा मी मान हलवली आणि तीन-चार पर्स एकदम उघडल्या. पेपरमिंटच्या गोळ्या, राजगिऱ्याचा लाडू, खडीसाखर, सगळे हातात आले.

चक्कर येते असे सांगितले की पाणी मिळते. “मला मधुमेह आहे, माझी शुगर लो झाली आहे, मला काहीतरी गोड द्या,” एवढे स्पष्ट सांगितले तरच साखर मिळते. हे वाक्य घरी मोठ्याने दोन-चारदा म्हणून पाहावे, कारण साखर उतरत असताना मेंदूला शब्द सुचत नाहीत. इन्सुलिन किंवा गोळी यांच्या वेळेला जोडलेले जेवण प्रवासाच्या पलीकडे ढकलू नये. ग्लुकोज रोजच्या पर्समध्ये, कार्यालयातील खणात आणि उशाशी, असे तीन ठिकाणी ठेवावे, आणि खणातले पाकीट कोठे आहे हे शेजारच्या टेबलावरील एका व्यक्तीला दाखवून ठेवावे. सगळ्या कार्यालयाला सांगण्याची गरज नाही. एक माणूस पुरतो, पण तो एक माणूस हवाच.

हे सांगण्याची लाज वाटते, आणि त्या लाजेचा शरीराला प्रत्यक्ष अपाय होतो. लपवायचे म्हणून लोक स्वच्छतागृहात घाईने इन्सुलिन टोचतात, तीच सोयीची जागा पुन्हा पुन्हा वापरतात, आणि मग तेथे गाठ तयार होऊन इन्सुलिनचा परिणाम अनियमित होतो. पोटावर आणि मांडीवर दर वेळी किमान एक बोट अंतर सोडून जागा बदलावी, आणि औषध सोडल्यावर सुई दहा सेकंद आत ठेवावी. शर्टाची किंवा कुर्त्याची कड थोडी उचलून स्वतःच्या खुर्चीत बसूनही हे काम नीट होते. पहिल्या आठवड्यात दोघेतिघे बघतात, नंतर कोणी बघत नाही.

ग्लुकोमीटरवरचा, म्हणजे घरी साखर मोजण्याच्या यंत्रावरचा, आकडा हा परीक्षेतील गुणांसारखा वाचण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. लग्नाच्या जेवणानंतर २६० दिसले की मन खचते, आणि पुढचे चार दिवस मोजायचेच नाही असे आपण ठरवून टाकतो. माझ्या वहीत अशी कोरी पाने पुष्कळ आहेत, आणि डॉक्टरांना नेमकी त्या दिवसांची माहिती हवी होती. आकड्यापुढे आपला दोष न लिहिता कारण लिहावे: रात्रीची झोप अपुरी, ताप, उशिरा जेवण, दोन वाट्या भात, घरात भांडण. ताप, जागरण आणि मानसिक ताण यांनीही साखर वाढते, त्यामुळे दर वेळी खाण्यालाच जबाबदार धरणे हा स्वतःवर अन्याय आहे. या यंत्राच्या तपासणी-पट्ट्या स्वस्त नसल्यामुळे त्या विचारपूर्वक वापराव्यात. एका आठवड्यात एकच जेवण निवडावे, त्याआधी आणि त्यानंतर दोन तासांनी मोजावे. पोहे, उपमा आणि ज्वारीची भाकरी यांपैकी आपल्या शरीराला काय मानवते हे महिनाभरात स्वच्छ दिसते. इन्सुलिन घेणाऱ्यांना डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या तपासण्या मात्र यासाठी कमी करू नयेत. बोट टोचण्याआधी हात धुवावेत, कारण फळ कापलेल्या बोटावरील रस आकडा खोटा वाढवतो.

आता घरच्या माणसांविषयी. त्यांच्या मायेचे दोन प्रकार असतात आणि दोन्ही थकवतात: एक पहारा देते, दुसरी आग्रह करते. आमच्याकडे गणपतीत वहिनी ताटात तिसरा उकडीचा मोदक ठेवत म्हणतात, “एकाने काय होतंय गं?” आणि त्याच पंगतीत सासूबाई म्हणतात, “तिला नको देऊस, तिची शुगर वाढेल.” आपल्या देखत आपल्याविषयी चाललेले हे बोलणे फार लागते. मी वर्षानुवर्षे गप्प राहिले, मग एकदा सणाच्या आठवडाभर आधी, शांत वेळ पाहून सांगितले, “वहिनी, मी एक मोदक घेईन आणि त्या दिवशी भात घेणार नाही. आई, तुम्ही माझ्या ताटाची काळजी करू नका, पण रात्री जेवणानंतर माझ्यासोबत खाली चालायला या.” पंगतीत केलेला विरोध मानापमानाचा होतो, आधी सांगितलेली गोष्ट लोक बहुतेक वेळा पाळतात, आणि काळजी करणाऱ्याला एखादे काम दिले की पहारा आपोआप सैलावतो. गुळाचे म्हणून चालते, हा समज मात्र घरातून प्रयत्नपूर्वक काढून टाकावा. गूळही साखरेसारखाच रक्तातील साखर वाढवतो.

उपवासाबद्दल मला थोडे आग्रहाने लिहावेसे वाटते. संकष्टीला दिवसभर काही न खाता रात्री चंद्रोदयानंतर जेवायचे आणि सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घ्यायची, हे धोक्याचे आहे. उलट बाजूने, साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस भरपूर खाऊन साखर चढवून घेणेही तितकेच वाईट. उपवास करायचाच असेल तर त्या दिवशीची गोळी किंवा इन्सुलिन कसे घ्यायचे हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे, दुपारी ताक, दाणे किंवा राजगिऱ्याची भाकरी असे काही ठेवावे, आणि साखर ७० च्या खाली गेली तर उपवास त्याच क्षणी सोडावा. टाइप १ मधुमेह असणाऱ्यांनी इन्सुलिन पूर्णपणे कधीही बंद करू नये.

पावसाळ्यात पायांची निगा हे मुंबईकर मधुमेहीचे सर्वांत मोठे काम ठरते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, त्यामुळे चपलेत शिरलेला खडा दिवसभर टोचूनही कळत नाही. हिंदमाता, मिलन सबवे किंवा आपल्याच गल्लीतील साचलेल्या पाण्यातून चालणे शक्य तेवढे टाळावे. जावेच लागले तर बंद गमबूट घालावेत. घरी येताच पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, आणि तळवे आरशात किंवा मोबाईलने छायाचित्र काढून पाहावेत. पाय गरम पाण्यात बुडवून शेकू नयेत, कारण पोळलेले कळत नाही. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाच्या आजाराची, लागण होऊ शकते, म्हणून पायाला जखम असताना अशा पाण्यातून चालावे लागले तर ताप येण्याची वाट न पाहता तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात किंवा आपल्या डॉक्टरांकडे प्रतिबंधक औषधाबाबत विचारावे. सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाण्याचा नवस बोललेल्यांनी तो पायात बूट घालून फेडावा, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही आणि साखर वाढलेली असताना लघवी वारंवार होते, म्हणून अनेकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे करू नये. त्याने थकवा येतो आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. आपल्या मार्गावरील बरी स्वच्छतागृहे हेरून ठेवावीत, आणि त्रास नव्याने वाढला असेल तर तो डॉक्टरांना न लाजता सांगावा.

इन्सुलिनविषयी एवढेच, की न वापरलेले इन्सुलिन टोचण्याचे पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, फ्रिजरपासून दूर ठेवावे. वापरात असलेले पेन बाहेर चालते, बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे, पण मे महिन्यात ते खिडकीशी किंवा उन्हातल्या गाडीत राहू देऊ नये.

आणि मग एक थकवा असा येतो, जो कोणत्याही तपासणीत दिसत नाही. या आजाराला रविवारची सुट्टी नसते. काही आठवडे सगळे नीट पाळूनही एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) खाली येत नाही तेव्हा सगळे सोडून द्यावेसे वाटते, आणि ही भावना मधुमेह असणाऱ्या फार लोकांना येते. अशा वेळी सगळ्या गोष्टी एकदम सुधारण्याचा निश्चय करू नये. औषध चुकवायचे नाही, एवढे एकच काम पकडावे आणि बाकीचे आठवडाभर जसे होईल तसे होऊ द्यावे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, झोप उडाली, किंवा जगणे नकोसे वाटले, तर तो निव्वळ कंटाळा समजू नये. डॉक्टरांशी लगेच बोलावे, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ती सेवा निःशुल्क आहे आणि रात्रीही चालू असते.

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी. दिसायला नीट दिसते म्हणून डोळ्यांची तपासणी टाळू नये. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी गर्दीच्या लोकलने एकट्याने परतू नये. शेजारच्या टेबलावरील ज्या मैत्रिणीला खणातले ग्लुकोज दाखवले आहे, तिलाच अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोबत यायला सांगावे.