बालकांच्या फुप्फुसाच्या क्षयरोगात छातीचा सीटी स्कॅन कसा वाचावा

मोठ्या माणसांचे स्कॅन वाचण्याची सवय झालेला डोळा आधी फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी शोधतो. लहान मुलाच्या बाबतीत मात्र सुरुवात लसिकाग्रंथींपासून करावी, कारण बालवयातील प्राथमिक क्षयरोगाची मुख्य खूण तिथेच सापडते आणि फुप्फुसातील मूळ डाग कित्येकदा इतका छोटा असतो की तो दिसतही नाही.

सीटी ही पहिली तपासणी नव्हे. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेवर निर्णय होत असेल, तर मुलाला जादा किरणोत्सर्ग देऊ नये. एक्स-रे संदिग्ध असताना लक्षणे टिकून असतील, श्वासनलिका दबल्याची शंका असेल किंवा गुंतागुंत दिसत असेल, तेव्हाच सीटी मागवावा. किरणांची मात्रा मुलाच्या वजनानुसार ठरवावी आणि एकाच फेरीत काम भागवावे. कॉन्ट्रास्टपूर्वीची (रक्तवाहिन्या व ऊती उजळ दाखवणारे औषध देण्यापूर्वीची) वेगळी फेरी सहसा लागत नाही. ग्रंथी रक्तवाहिन्यांपासून वेगळ्या दिसाव्यात म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट देणे मात्र आवश्यक आहे. तान्ह्या बाळाला दूध पाजून व दुपट्यात गुंडाळून झोपवले, तर पुष्कळदा भूल टाळता येते, आणि ते हिताचेच असते, कारण भुलेखाली फुप्फुसाचा मागचा भाग मिटतो आणि तो न्यूमोनियासारखा भासू शकतो.

वाचताना श्वासनालाची (घशातून खाली येणाऱ्या मुख्य नळीची) उजवी बाजू, दोन्ही हायलम (श्वासनलिका व रक्तवाहिन्या फुप्फुसात शिरतात त्या जागा) आणि श्वासनाल जिथे दुभंगतो त्याखालची जागा क्रमाने पाहावी. कॉन्ट्रास्टनंतर ग्रंथीचा मध्य काळपट आणि कडा उजळ कड्यासारखी दिसली, तर आतला भाग मृत झाला असावा. योग्य लक्षणांच्या जोडीला असे चित्र क्षयरोगाकडे ठळकपणे बोट दाखवते. तरीही लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) आणि बुरशीचा संसर्ग विसरू नये. लहान मुलांतील थायमसही (छातीत पुढच्या बाजूला असलेली ग्रंथी) फसवतो. तो एकसंध आणि मऊ असतो, शेजारच्या वाहिन्यांना किंवा श्वासनलिकेला ढकलत नाही, आणि हाच फरक बहुतेक वेळा कामी येतो.

ग्रंथी सापडल्यावर थांबू नये. लहान मुलांच्या श्वासनलिका अरुंद आणि लवचीक असल्याने फुगलेली ग्रंथी त्या सहज दाबते. यासाठी कोरोनल (समोरून पाहिल्यासारख्या उभ्या छेदाच्या) प्रतिमांत प्रत्येक मुख्य नलिका वरपासून खालपर्यंत बोट फिरवावे तशी तपासावी आणि ती कुठे फटीएवढी उरली आहे ते नोंदवावे. पुढचे फुप्फुस मिटले आहे, की हवा अडकून फुगले आहे, हेही लिहावे. श्वासनलिकेची दुर्बीण तपासणी करायची का, हे अनेकदा यावरच ठरते.

मग फुप्फुसाकडे वळावे. सर्वत्र विखुरलेले, साधारण 1 ते 3 मिलीमीटरचे एकसारखे ठिपके मिलिअरी (रक्तावाटे सर्वत्र पसरलेला) क्षयरोग सुचवतात आणि ते दिसताच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा, अहवालाची वाट पाहायला लावू नये. कळ्या धरलेल्या फांदीसारख्या रेषा श्वासनलिकांतून पसरलेला संसर्ग दाखवतात, तर पोकळी बहुधा किशोरवयात दिसते. प्ल्युरातील (फुप्फुसाभोवतीच्या आवरणातील) पाणीही नोंदवावे.

सीटीत जंतू दिसत नाहीत. म्हणून अहवालात 'क्षयरोगाशी सुसंगत' असे लिहून थुंकी, जठरातील द्रव किंवा विष्ठेच्या नमुन्याची तपासणी सुचवावी. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत ग्रंथी वाढलेली दिसली, तरी औषध निकामी ठरले असे त्यावरून लिहू नये. मुलाचे वजन, ताप आणि औषधे नियमित घेतली जात आहेत का, हे आधी विचारावे.