एअरडेल टेरियरला शिकारीच्या कामाला कसं तयार करावं

लॅब्रॅडोरला दिवसभर चेंडू फेका, तो दिवसभर आणून देईल. एअरडेल तीनदा आणतो. चौथ्या वेळी चेंडूकडे बघतो, तुमच्याकडे बघतो आणि झाडाखाली जाऊन बसतो. आमची ठमी तर चेंडू पुरून यायची. अमेरिकेत ओहायोत राहायला आल्यावर आम्ही शिकारीचा परवाना काढला, शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या नादानं एअरडेल घेतली, आणि मी वर्षभर तिला लॅब्रॅडोरच्या पद्धतीनं शिकवत बसले. ते वर्ष वाया गेलं. माझं, तिचं नाही.

या कुत्र्याचा स्वभाव त्याच्या जन्मगावी कळतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशरला एअर नदीच्या खोऱ्यात, एकोणिसाव्या शतकात, कष्टकरी लोकांनी खरखरीत केसांचा टेरियर आणि पाणमांजराचा माग काढणारा ऑटरहाउंड यांच्या संकरातून तो घडवला. सुट्टीच्या दिवशी नदीकाठी दोन-दोन कुत्र्यांच्या शर्यती लागत. काठावरच्या शेकडो बिळांतून उंदीर असलेलं बीळ कुत्र्यानं हुंगून दाखवायचं. मग आत फेरेट, म्हणजे मुंगसासारखं सडपातळ पाळीव जनावर, सोडायचं आणि पाण्यात उडी घेतलेल्या उंदरामागे कुत्र्यांनी पोहायचं. कोणतं बीळ, हे त्याला कुणी सांगत नव्हतं. स्वतः ठरवायची सवय तिथली आहे. टेरियर म्हणजे बिळात शिरणारा. पण हा उंचीला ५८ ते ६१ सेंटिमीटर, कुठल्या बिळात मावणार?

आधी कायद्याचं. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. गावाकडे रानडुकरामागे सोडायला कुत्रा हवा असेल तर इथेच थांबा. खालचं सगळं अमेरिकेतलं, परवाना आणि हंगाम पाळून करायचं काम आहे.

पिल्लू निवडताना

पिल्लाआधी आई-बाप बघा. दोघांच्या खुब्याच्या सांध्याचे एक्स-रे मागा. ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था खुब्याचं अंतिम प्रमाणपत्र कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय देत नाही, त्यामुळे दीड वर्षाच्या आईची पिल्लं कुणी दाखवत असेल तर उठून यावं. मग आईच्या पाठीवरून हात फिरवा. केस तारेसारखे राठ हवेत. प्रदर्शनातले फुगीर, मऊ पाय फोटोत छान दिसतात आणि रानात कुसळं गोळा करतात.

सात-आठ आठवड्यांच्या पिल्लांसमोर दोरीला बांधलेला फेझंटचा (कोंबडीसारख्या रानपक्ष्याचा) पंख ओढा. सगळीच धावतात, त्यावर जाऊ नका. पंख उचलून खिशात टाका. बाकीची पांगल्यावरही जे पिल्लू पंख नाहीसा झाला तिथे नाक घासत राहतं, ते घ्या.

पहिले सहा महिने

या काळात तीनच गोष्टी: हाक, पाणी, आवाज. हाकेसाठी तीस फुटांची हलकी दोरी पट्ट्याला लावून मोकळं सोडा. हाक एकदाच मारायची; आलं नाही तर दोरी धरून मुकाट्यानं आणायचं. दहादा ओरडलात तर दहाव्यांदा यायचं असतं, हे ते लगेच शिकतं. पाण्यात ढकलू नका. उन्हाळ्यात उथळ ओढ्यात स्वतः उतरा, ते मागून येतं.

बंदुकीच्या आवाजाची सवय म्हणून पिल्लाला नेमबाजीच्या मैदानावर नेणं, हा कुत्रा कायमचा बिघडवण्याचा हमखास मार्ग आहे. पिल्लू पक्ष्यामागे बेभान पळत असताना नवऱ्यानं शंभर-दीडशे पावलांवरून खेळण्यातलं पिस्तूल उडवायचं, अशी आम्ही सुरुवात केली. ठमीनं मान वळवली नाही. मग काही आठवड्यांत अंतर कमी करत आणलं. कान पाडले, शेपूट आत घेतली की पुन्हा लांब जायचं.

माग काढायला

रॅकूनचं (अमेरिकेतल्या रानातल्या एका केसाळ जनावराचं) जुनं कातडं दोरीला बांधून गवतातून पन्नास पावलं सरळ ओढा, टोकाला तेच ठेवा. ते जमलं की एक वळण घाला. सकाळी दव असताना वास जमिनीलगत टिकतो. भर उन्हात नवख्या कुत्र्याला हे देऊ नये.

पहिल्या वळणाला ठमी दहा पावलं पुढे गेली. शेपटी खाली आली, नाक वर. मी बोट दाखवणार तेवढ्यात म्हातारबुवांनी माझा हात धरला. ती मागे आली, अर्धा गोल घेतला, आणि शेपटी एकदम उभी राहिली. तेव्हा बोट दाखवलं असतं तर पुढच्या प्रत्येक वळणाला ती माझ्या तोंडाकडे बघत बसली असती. दिवसाला दोन माग, फार तर तीन. चांगला झाला की तिथेच थांबा, त्याला अजून हवं असतानाच.

पक्ष्यांवर

एअरडेल हा पॉइंटर जातीच्या कुत्र्यासारखा पक्षी दाखवून उभा राहत नाही, तो उठवतो. म्हणून त्यानं बंदुकीच्या टप्प्यातच, पंचवीस-तीस पावलांच्या आत, डावी-उजवीकडे झाडत चाललं पाहिजे. वारा समोरून घ्या, तुम्ही नागमोडी चाला, शिट्टीवर दिशा बदला. ते तुमच्याबरोबर वळतं. पक्षी उडताच खाली बसणं ही शेवटची आणि सगळ्यात चिवट पायरी. ठमीला दोन हंगाम लागले. अमेरिकन एअरडेल क्लबच्या कामाच्या चाचण्यांत रानपक्षी, पाण्यातून-जमिनीवरून आणणं आणि केसाळ जनावराचा माग असे तीन विभाग असतात. त्यातला एक तरी द्यावा, म्हणजे आपल्या फुशारकीला माप मिळतं.

रानातून आल्यावर बोटांच्या बेचक्या, काखा आणि कान बघा, कुसळं तिथेच शिरतात. मेलेले केस हातानं उपटून काढायचे असतात. मशीन फिरवलंत तर पुढची लव मऊ आणि फिकी येते.

पैदास

मादी दोन वर्षांची झाल्यावर, खुबे तपासून आणि एक हंगाम काम बघूनच लावावी. भारतात पैदास करणाऱ्यांना २०१७ च्या नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. गाभण काळ सुमारे ६३ दिवसांचा. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप मोजा. तो ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. ठमीचा उतरला तो रात्री अकराला, बाहेर बर्फ पडत असताना. नऊ झाली, बहुतेक काळीकुट्ट. तांबूस रंग नंतर उमटतो.

नऊ घरं मात्र आधी शोधायला हवी होती. आम्ही सात शोधली होती. उरलेली दोन पाच महिने आमच्याकडेच राहिली, आणि सोफ्याच्या एका बाजूला आता कापूस नाही.