ज्वारीच्या मुळांवर मायकोरायझा कसा वाढवावा

सोलापूर जिल्ह्यातील चुनखडीयुक्त जमिनीत टाकलेल्या सुपर फॉस्फेट खतातील स्फुरदाचा (फॉस्फरसचा) मोठा भाग मातीतील कॅल्शियमशी बांधला जातो, आणि मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा पिकाने एकदा रिकामा केला की पलीकडचा स्फुरद मुळाकडे फार सावकाश सरकतो. हे अंतर ओलांडून स्फुरद आणि जस्त आणून देणारी बुरशी म्हणजे मायकोरायझा. खतांच्या दुकानात ती ‘व्हॅम’ या नावानेही मिळते. ती जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. त्यामुळे तिची रोपवाटिका करण्यासाठी आपल्याकडच्या ज्वारीसारखे सोयीचे पीक दुसरे शोधावे लागत नाही.

कृती करण्यापूर्वी ही भागीदारी कशी जुळते ते समजून घ्यावे, कारण पुढची सारी पथ्ये त्यातूनच निघतात. स्फुरदाची चणचण भासली की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्ये मातीत सोडते. ती या बुरशीला फांद्या फोडण्याचा इशारा देतात, हे 2005 मध्ये सिद्ध झाले. (ज्वारीच्या मुळांवर पोसणाऱ्या टारफुला या परजीवी तणाचे बीही याच द्रव्यांच्या मागावर उगवते; इशारा एक, त्याचा लाभ घेणारे दोन.) बुरशीचा तंतू मुळाच्या सालीत शिरतो आणि तेथील पेशींत झाडाच्या फांद्यांसारखी बारीक रचना करतो. याच ठिकाणी पीक साखर व स्निग्ध पदार्थ देते आणि बुरशी स्फुरद देते. मुळाबाहेर मात्र तिचे तंतू, केशमुळांहूनही बारीक असल्यामुळे, मातीच्या फटींतून कित्येक सेंटिमीटर दूरवर पोहोचतात.

आता कृती. एप्रिल-मे महिन्यांत बारीक वाळू आणि चाळलेली माती समप्रमाणात मिसळून ओली करावी, वीतभर जाडीचा थर पसरावा आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने बंद कराव्यात. सोलापूरच्या उन्हाचा हा एक हक्काचा उपयोग आहे: चार ते सहा आठवड्यांत मातीतील पुष्कळशा रोगकारक बुरशा आणि सूत्रकृमी मरतात किंवा दुबळे होतात. त्यानंतर एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल खड्ड्यात तळाला पाणी निचरण्यापुरती छिद्रे पाडलेले प्लॅस्टिक अंथरून त्यावर ही माती भरावी.

विरजणासाठी, म्हणजे खड्ड्यात बुरशीची सुरुवात करून देण्यासाठी, तयार मायकोरायझा साधारण एक किलो पुरतो. तो घेताना उत्पादनाची व मुदतीची तारीख पाहावी. विकत घ्यायचा नसल्यास वर्षानुवर्षे न नांगरलेल्या बांधावरील गवताच्या किंवा बोरीच्या बारीक मुळांसह तीन-चार किलो माती खणून घ्यावी. डाळिंबाच्या बागेतील माती मात्र कदापि घेऊ नये, कारण तिच्याबरोबर मर रोग आणि सूत्रकृमी फुकट मिळण्याची दाट शक्यता असते. हे विरजण बियांच्या खाली दोन ते पाच सेंटिमीटरवर पातळ थरात पसरावे, म्हणजे उगवणारे प्रत्येक मूळ त्यातूनच खाली जाईल.

जूनमध्ये ज्वारी चार बोटांच्या अंतराने टोकावी. पिवळेपणा दिसल्यास चिमूटभर युरिया पाण्यात विरघळवून द्यावा, परंतु सुपर फॉस्फेट किंवा डीएपी देण्याचा मोह टाळावा. स्फुरद आयता मिळाला तर मूळ इशाराच देत नाही आणि खड्ड्यात तरारलेली ज्वारी दिसते, पण बुरशी नाममात्र राहते. अडीच-तीन महिन्यांनी पाणी तोडावे व ताट जमिनीलगत कापावे. आठ-दहा दिवस तसेच ठेवून मग धसकटे मुळांसह उपटावीत. मुळांचे सेंटिमीटरभर तुकडे करून त्याच मातीत मिसळावेत, सावलीत वाळवावे आणि गोणपाटात भरून थंड जागी ठेवावे. ताजा माल शक्यतो त्याच हंगामात वापरावा.

वापरताना नियम एकच: माल मुळाला लागला पाहिजे. वर भुरभुरला तर उन्हात वाया जातो. डाळिंबाची गुटी कलमे पिशवीत भरताना प्रत्येक कलमाच्या मुळाशी मूठभर मिश्रण द्यावे. कांद्याला तर हे अधिकच मानवते, कारण त्याची मुळे मोजकी असून त्यांना केशमुळे फारशी नसतात. गादीवाफ्यात बियांखाली दोन सेंटिमीटरवर थर द्यावा. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा, पालक आणि बीट यांच्यावर मात्र खर्च करू नये, ही पिके या बुरशीला मुळात थारा देत नाहीत. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी ठरलेली असल्यास माल आधी देण्यात अर्थ नाही. शेतात वारंवार खोल नांगरट केल्याने तंतूंचे जाळे तुटते आणि जमीन दीर्घकाळ पडीक ठेवल्यास बुरशीची उपासमार होते, म्हणून दोन पिकांमध्ये मूग, उडीद किंवा हुलगा घ्यावा.

बुरशी लागली की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. शेणखतावर किंवा कुजक्या पानांवर दिसणारे पांढरे जाळे बहुतेक वेळा दुसऱ्याच बुरशांचे असते, आणि त्यावरून समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. खात्रीसाठी ज्वारीची बारीक मुळे हलक्या हाताने धुवावीत आणि कृषी महाविद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाची सोय आहे का ते विचारावे. तेथे मुळे अल्कलीत उकळून पारदर्शक करतात आणि व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या काळ्या शाईने रंगवतात. सालीच्या फिकट पेशींत गडद तंतू, फांद्यांची गुंतागुंत आणि अधूनमधून गोलसर फुगे दिसले तर खड्ड्यातील माल वाफ्यात न्यायला हरकत नाही. काहीच दिसले नाही तर विरजण बदलून पुन्हा ज्वारी टोकावी.