फोटोवरून लाकडावर: जाळकामाचा पॅटर्न घरी कसा काढावा

तापलेल्या टोकाने लाकूड जाळून चित्र काढायचं म्हणून बर्नर (विजेवर तापणारं, पेनासारखं हत्यार) आणला, वखारीतून फळी आणली, आजीचा फोटो समोर ठेवला, की बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. फोटोत शेकडो छटा असतात, आणि तापलेल्या टोकाने लाकडावर नेमक्या उमटवता येतात त्या फार तर चार-पाच. त्यात लाकडावर पांढरा रंग नाही. फळीचा मूळ रंग हाच सगळ्यात उजळ, आणि एकदा जाळलेलं पुन्हा उजळ होत नाही. ब्लेडने खरवडता येतं थोडंफार, पण जागा ओळखू येतेच. म्हणून पॅटर्न हा मुख्यतः कुठे हात लावायचा नाही याचा नकाशा असतो.

आजीचाच फोटो धरून चालू: नऊवारी, चष्मा, कुंकू, नथ.

१. फोटो निवडा

उजेड एका बाजूने आलेला हवा. खिडकीशेजारी बसवून काढलेला फोटो उत्तम, कारण नाकाच्या एका बाजूला सावली पडते आणि चेहऱ्याला उठाव येतो. फ्लॅशने काढलेल्या फोटोत चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो, त्यातून पॅटर्न निघत नाही. लग्नातला गटाचा फोटो कापून मोठा करायचा मोहही टाळा. फळीवर चेहरा निदान तळहाताएवढा यायला हवा. त्याहून लहान असेल तर बर्नरच्या टोकाला पापणी आणि भुवई वेगळी करता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो. तोच डॉक्युमेंट म्हणून मागवा. ए४ कागदावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, पण पॅटर्नसाठी याच्या निम्म्यानेही भागतं. अल्बममधला जुना फोटो असेल तर ट्यूबलाइटखाली मोबाइलने टिपू नका, चकाकी येते. स्कॅन करून घ्या.

२. कृष्णधवल करा, पण कुंकू सांभाळा

इथे घाई नको. रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल, हिरवा आणि निळा यांपैकी कुठल्या रंगाला किती वजन द्यायचं हे आपल्या हातात असतं. लालला जास्त वजन दिलं की त्वचा गुळगुळीत, उजळ दिसते आणि कुंकू जवळजवळ नाहीसं होतं. हिरव्याला दिलं की कुंकू ठसठशीत गडद येतं. निळ्याकडे गेलात तर सुरकुत्या, डाग, तीळ सगळं उठून दिसतं आणि आजी दहा वर्षांनी म्हातारी होते. मी हिरव्याच्या बाजूला राहतो.

संगणकावर गिम्प हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या मोनो मिक्सरमध्ये हे करता येतं. मोबाइलवर स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगांचे फिल्टर आहेत, तेही पुरतात.

३. छटा पाचवर आणा

आधी फोटो किंचित धूसर करा. गिम्पमध्ये गॉशियन ब्लर तीन ते पाच पिक्सेल दिला तरी पुरे. मग पोस्टराइझ (छटा मोजक्या करणारी सोय) उघडून पातळ्या ५ करा. ब्लर न करता हे केलंत तर गालावर तांदूळ सांडल्यासारखे ठिपके येतात. आता चित्र डोंगराच्या नकाशासारखं दिसेल, एकेका छटेचा एकेक पट्टा. डोळे किलकिले करून पाहा. आजी ओळखू येते का? नसेल तर कॉन्ट्रास्ट वाढवून पुन्हा करा. इथे ओळखू आली नाही तर लाकडावर मुळीच येणार नाही.

मूळ कृष्णधवल फोटो आणि हा पट्ट्यांचा फोटो एकाच मापात छापून घ्या.

४. रेषा काढा, आकडे टाका

पट्ट्यांच्या छापावर ट्रेसिंग पेपर ठेवा. दोन प्रकारच्या रेषा काढायच्या. जिथे खरोखर कडा आहे (चष्म्याची फ्रेम, पदराचा काठ, पापणी) तिथे अखंड रेषा. जिथे फक्त सावली संपते (गाल, नाकाची बाजू, गळा) तिथे तुटक ठिपके. हा फरक केला नाही तर सावलीच्या कडाही गडद जाळल्या जातात आणि चेहऱ्याला मुखवटा चढतो.

मग आकडे. कोरं लाकूड ०, सगळ्यात गडद ४. प्रत्येक भागात बारीक आकडा लिहा. सगळ्यात आधी शून्ये शोधा: डोळ्यातला चमकीचा ठिपका, नाकाच्या शेंड्यावरचा उजेड, चष्म्याच्या काचेवरची तिरीप, नथीच्या प्रत्येक मोत्यावरचा टिंबभर पांढरा भाग. मोती म्हणजे गोल रेघ नव्हे. एका बाजूची सावली आणि हा ठिपका, एवढ्यावर मोती उभा राहतो.

दात दिसत असतील तर दोन दातांमधल्या रेघा काढू नका, विटांची भिंत दिसते. नाकालाही बाह्यरेषा नको. केस एकेक मोजत बसू नका. कुठून निघून कुठे वळतात ते पाच-सहा बाणांनी दाखवा, बाकी जाळताना हात करतो.

शेवटी ट्रेसिंग पेपर मूळ फोटोशेजारी धरून एकदा उलटा, डोकं खाली करून पाहा. वाकडा डोळा लगेच दिसतो.

५. फळी

फिकट, सलग पोताचं लाकूड घ्या. शिवण या झाडाचं लाकूड चांगलं. पाइन स्वस्त मिळतं, पण त्यात मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात, त्यामुळे टोक मऊ पट्ट्यात बुडतं आणि कठीणवर घसरतं. साग तेलकट आणि आधीच गडद, म्हणजे पाचपैकी एक-दोन छटा तिथेच गेल्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेला बोर्ड) अजिबात नको, त्यातल्या डिंकाचा धूर घशासाठी वाईट.

१२० मग २२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, ओलसर फडकं फिरवा, वाळल्यावर उभे राहिलेले लाकडाचे तंतू पुन्हा २२० ने बसवा. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर ० ते ४ अशा पाच चौकटी जाळून ठेवा. पॅटर्नमधले आकडे म्हणजे याच चौकटी, काम करताना हा तुकडा डोळ्यांसमोर असू द्या.

६. फळीवर उतरवा

दुकानातला निळा कार्बन पेपर वापरू नका, त्याचा मेणकट डाग खोडरबराने निघत नाही. साध्या कागदावर ६बी (मऊ, गडद) पेन्सिल आडवी घासून घरीच ग्राफाइट पेपर करा आणि घासलेली बाजू खाली करून फळीवर ठेवा. त्यावर पॅटर्न फक्त वरच्या कडेला मास्किंग टेपने चिकटवा, म्हणजे मध्येच उचलून पाहता येतं. शाई संपलेल्या बॉलपेनने हलक्या हाताने गिरवा. जोर दिला तर लाकडावर चर पडते आणि जाळताना टोक तिच्यात अडकतं.

लेझर प्रिंट उलटी ठेवून गरम इस्त्रीने दाबली तरी ठसा उमटतो, कारण टोनर (लेझर प्रिंटरची भुकटी शाई) वितळतो. इंकजेटने हे होत नाही. मात्र इस्त्रीची पद्धत वापरणार असाल तर छापण्याआधी चित्र आरशासारखं फिरवा. मी पहिल्या वेळी विसरलो. चेहरा झकास उतरला होता, आणि आत्याने बघताक्षणी विचारलं, "अरे, आईची नथ उजव्या नाकपुडीत कधी गेली?"

उतरवून झाल्यावर रेषा खोडरबराने दाबून फिक्या करा, जेमतेम दिसतील इतक्याच ठेवा. ग्राफाइट जळून जात नाही. गडद राहिलं तर जाळलेल्या भागाखाली चकाकत बसतं. ० लिहिलेल्या जागा मात्र पुन्हा एकदा बोटाने शोधून घ्या.

आता खिडकी उघडा आणि बर्नर लावा. पंख्याचा झोत टोकावर येऊ देऊ नका, टोक थंड पडतं. डोळ्यापासून सुरुवात नको. अंबाड्याच्या मागच्या केसांपासून करा. हात बसेपर्यंतच्या चुका तिथे खपून जातात.