चौकोनी घड्याळ, बारीक मनगट

माझं मनगट साडेसहा इंची. गोल घड्याळाचा अंदाज मला होता: ३६ मिमी छान, ४० जरा मोठं. लांबट चौकोनी घड्याळ घ्यायचं ठरलं तेव्हा हा अंदाज कामाचा नव्हता, कारण २५ मिमी रुंदी म्हटलं की बायकांचं घड्याळ वाटतं. तसं ते नसतं.

आधी क्षेत्रफळ काढलं. कार्टिए या कंपनीचं ‘टँक’ नावाचं चौकोनी घड्याळ मोठ्या मापात ३३.७ बाय २५.५ मिमी, म्हणजे साधारण ३३ मिमीच्या गोल घड्याळाइतकं. पण नजर कर्णावर जाते आणि तो ४२ मिमीच्या पुढे! म्हणून ते मनगटावर आकड्यापेक्षा मोठं दिसतं.

खरा अडसर उंचीचा. पट्टा जोडतात त्या वरच्या-खालच्या टोकांमधलं अंतर मनगटाच्या सपाट भागात मावायला हवं. मी मनगटावर पट्टी आडवी धरून तो भाग मोजला. ५० मिमी भरला. मग वेगवेगळ्या मापांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून चिकटपट्टीने मनगटावर लावले आणि आरशात पाहिलं. जवळून बघून घड्याळ नेहमी मोठंच वाटतं.

‘रिव्हर्सो’ या १९३१ च्या, तबकडी उलटी फिरवता येणाऱ्या चौकोनी घड्याळाचं आजचं ४५.६ मिमी उंचीचं रूपही त्यात बसत होतं, पण कडेला जागा उरेना. (हे घड्याळ भारतातल्या ब्रिटिश पोलो खेळाडूंसाठी निघालं म्हणतात.) ४०.१ बाय २४.४ चा तुकडा मात्र नीट बसला. त्याच मापाच्या आसपासचं, खिशाला परवडणारं घड्याळ घेतलं. जाडीही बघाच, ९ मिमीच्या वर गेली की शर्टाची बाही अडकते.