सीझन संपल्यावर झोपू म्हणता? बर्नआउटमधून सावरताना या चुका टाळा

मे महिन्यात किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरगुती निवासाच्या स्वयंपाकघरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एकदा पाऊस लागूदे, मग आठ दिवस नुसती झोपणार." पाऊस लागतो, झोप काही होत नाही. जूनमध्ये भाताची पेर, जुलैत लावणी, मधेच कौलांची गळती, आणि ऑगस्ट उजाडला की गणपतीची झाडलोट. मच्छीमारांचीही तीच गत. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी कागदावर सुट्टी दिसते, पण होडीची डागडुजी आणि जाळ्यांची दुरुस्ती त्याच दिवसांत उरकायची असते.

म्हणून पहिली चूक हीच: विश्रांती सीझनच्या शेवटावर ढकलणं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी अवस्था, असं म्हटलं. तिच्या तीन खुणा आहेत. एक, अंगात त्राण न उरणं. दोन, कामाबद्दल तिटकारा: पाहुण्याची गाडी अंगणात वळली की कपाळावर आठी, वर्गात शिरताना पाय जड. तीन, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. हे महिनोन् महिने साचलेलं असतं. मोठ्या सुट्टीने बरं वाटतं, पण कामाचा रेटा तोच राहिला तर ते बरं वाटणं काही आठवड्यांत विरून जातं. रोजचा शीण रोज उतरवण्याची सोय लावावी लागते, आणि ती ऐन सीझनमध्येच.

थकवा तपासून न घेणं

सगळा थकवा कामाचा नसतो. स्वतःची काळजी सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), थायरॉइडसाठी टीएसएच, साखर (एचबीए१सी किंवा उपाशीपोटीची), आणि डॉक्टर म्हणतील तर बी-१२ व ड जीवनसत्त्व. बायकांमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं, आणि ते असेल तर श्वसनाचे व्यायाम कितीही करा, जिना चढताना धाप लागणारच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ उतरू शकतं, रोजच्या ताटात मासे असले तरी.

एक छोटी गोष्ट इथेच सांगायला हवी. जेवणाबरोबर किंवा जेवून उठल्या उठल्या चहा घेतला की अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. तासाभराचं अंतर ठेवा, आणि ताटावर लिंबू पिळा. त्याने उलट मदत होते.

पावसाळ्यात मात्र अचानक ताप, पोटऱ्यांत वेदना आणि डोळ्यांना लाली असेल तर त्याला शीण म्हणून अंगावर काढू नका. शेतातल्या, साचलेल्या पाण्यात अनवाणी वावर झाला असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

पहिल्याच दिवशी पाचला उठण्याचा संकल्प

पहाटे पाचला योग, मग चालणं, मग डायरी, रात्री पुस्तक. हे चार दिवस चालतं. पाचव्या दिवशी रात्री अकराला पाहुणे येतात आणि सगळं कोसळतं. थकलेल्या माणसाकडे निश्चयाचं बळच कमी उरलेलं असतं, त्यामुळे जे बळावर उभं आहे ते आधी पडतं.

याऐवजी एकच गोष्ट घ्या, दहा मिनिटांच्या आतली, आणि ती आधीच रोज होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटीला बांधा. 'सकाळी वेळ मिळाला की' असं नको. 'पाहुण्यांची न्याहारी आटोपून तवा उतरवला की मी परसदारी बसून पेज पिणार, फोन माजघरात' असं हवं. बँकेत किंवा शाळेत नोकरी असेल तर: 'एसटीतून उतरून घरी आलं की दहा मिनिटं ओटीवर, मगच पदर खोचायचा.' कधी, कशानंतर आणि कुठे हे तिन्ही ठरलेलं असावं. कुठे हे लोक नेहमी सोडून देतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण स्वयंपाकघरात बसून कोणी विश्रांती घेऊ शकत नाही. समोरचं भांडं हाक मारतंच.

एखाद्या दिवशी राहिलं तर? काही बिघडत नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. एकवीस दिवसांचा जो हिशेब सगळीकडे फिरतो, तो विसरा.

समुद्रावर चालण्याचं ठरवलं असेल तर आणखी एक मेख आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी सहाला सुकती (ओहोटी) असते, पुळण मोकळी आणि पायाखाली घट्ट. आठवड्याने, अष्टमीला, त्याच वेळी पाणी वर आलेलं असतं आणि उरते ती भुसभुशीत वाळू. तिच्यात पाय रुततात, पोटऱ्या भरून येतात आणि 'उद्या बघू' होतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब वापरा: तिथीला तिनाने गुणून चाराने भागलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ज्या दिवशी पाणी वर असेल त्या दिवशी पाणंद किंवा सडा (गावाबाहेरचा कातळमाळ). वीस मिनिटं झाली तरी पुरे.

काम तेवढंच ठेवून वर काळजीची भर घालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. गळक्या पिंपात पाणी ओतत राहण्यातला प्रकार. चोवीस तास बुकिंगचे फोन, रात्री साडेदहाला "सुरमई फ्राय मिळेल ना?", आणि मधल्या पाच मिनिटांत दीर्घ श्वसन. याने काही होत नाही, उलट 'मला हेही जमत नाही' ही टोचणी वाढते. आधी एक तरी भोक बुजवायला हवं.

घरगुती निवास चालवणाऱ्यांसाठी बुजवता येण्याजोगी भोकं ठरलेली आहेत.

फोन: व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये गैरहजेरीचा संदेश वेळेनुसार लावता येतो. मजकूर एवढाच पुरतो: "नमस्कार. रात्री ९ ते सकाळी ७ बुकिंगची उत्तरं दिली जात नाहीत, सकाळी कळवतो. आज इथेच मुक्कामाला असाल तर दारावरची बेल वाजवा." शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर राहत्या पाहुण्याला काही झालं तर या भीतीने तुम्ही फोन उशाशी घेऊनच झोपाल, आणि मग संदेश लावून उपयोग काय?

जेवण: रात्रीच्या थाळीची ऑर्डर दुपारी चारपर्यंतच घ्या, आणि थाळ्या दोनच ठेवा, एक मासळीची, एक शाकाहारी. उशिरा येणाऱ्यांना भात, आमटी, पापड, लोणचं. हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवलं तर फार कमी लोक कुरकुरतात. दारात आल्यावर सांगितलं तर सगळेच कुरकुरतात.

सुट्टी: आठवड्यातली एक रात्र, बहुतेक ठिकाणी मंगळवार किंवा बुधवार, वहीत आणि ऑनलाइन कॅलेंडरवर 'भरलेली' म्हणून आधीच मारून टाका. नुकसानाचा हिशेब मांडताना लोक सगळ्या खोल्यांचं भाडं धरतात. तीन खोल्या, दीड हजार भाडं, म्हणजे साडेचार हजार बुडाले. पण मंगळवारी तुमच्याकडे खरोखर किती खोल्या लागतात? एकच लागत असेल तर दीड हजार बुडाले, आणि त्यातूनही सामान, गॅस, चादरींची धुलाई वजा जाते.

आंबा बागायतदारांना मार्च ते मे असा दिवस सोडता येत नाही, हे खरं. तिथे दिवसाऐवजी पाळी वाटून घ्यावी: पेट्या भरण्यावर आज एक, उद्या दुसरा. आशाताई, परिचारिका, शिक्षक यांच्या हातात तर वेळापत्रक ठरवणंही नसतं. त्यांनी निदान वरिष्ठांशी बोलताना 'खूप काम आहे' असं मोघम न बोलता कामांची यादी लिहून न्यावी आणि विचारावं, "यातलं या आठवड्यात कोणतं मागे ठेवू?" प्रश्न असा विचारला की उत्तर द्यावं लागतं.

गणपतीचं वेगळं. घरात पंधरा माणसं आणि चुलीपाशी दोन बायका, हा हिशेब कुठल्याही श्वसनाने सुटत नाही. चाकरमानी उतरले की पहिल्याच संध्याकाळी कामं नावानिशी वाटून भिंतीवर लावा: पाणी, भांडी, नारळ खवणं, आरतीची तयारी. मुंबईहून आलेला दीर याच घरातला आहे, पाहुणा नाही. विळी कुठे असते ते त्यालाही ठाऊक आहे.

विश्रांती समजून केलेल्या तीन गोष्टी

दुपारी मासे-भात जेवून दोन तास झोप. उठल्यावर डोकं जड, रात्री डोळा लागत नाही. वामकुक्षी वीस-पंचवीस मिनिटांची, गजर लावून, तीनच्या आत. रात्री झोपायला उशीर झाला तरी सकाळी उठण्याची वेळ फार पुढेमागे करू नका.

संध्याकाळचा चहा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाचा चहा अकरालाही अर्धा अंगात असतो. चारनंतर कोकम सरबत घ्या, साखर बेताची. दिवसाला सहा कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे नुसत्या चहातून पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर जाते. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि पाणी कमी पडल्यानेही दुपारी गळून गेल्यासारखं होतं. रक्तदाब नसेल तर सरबतात चिमूटभर मीठ चालेल.

'झोप लागावी म्हणून' दोन पेग. झोप लागते लवकर, पण पहाटे तीनला मोडते.

श्वसनाबद्दलही बोलायला हवं, कारण ते चुकीचं केलं की लोक घाबरून सोडतात. छाती भरभरून जोरात श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते. पद्धत साधी: नाकाने चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, पोट हलकेच हलेल एवढाच. असे मिनिटाला सहा श्वास होतात. तीन मिनिटं पुरेत. मुंग्या आल्याच तर श्वास उथळ करा आणि थांबा.

महिनाभरानंतरही फरक नसेल तर

वहीत रोज रात्री फक्त दोन आकडे लिहा: झोप किती तास आणि दमणूक दहापैकी किती. चार आठवड्यांनी आकडे तिथेच असतील तर काळजीच्या सवयी वाढवू नका. आधी कामातलं आणखी एक भोक शोधा. झोप सुधारली पण दमणूक नाही, तर वर सांगितलेल्या रक्ततपासण्या राहिल्या असतील तर त्या करा.

आणि एक फरक ओळखा. बर्नआउट कामाला चिकटलेलं असतं; कामापासून दोन दिवस लांब गेलं की थोडं तरी मोकळं वाटतं. भजनाला, नातवंडांकडे, आवडत्या माशाकडेही मन जात नाही, आणि असे सलग दोन आठवडे गेले, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार लागतात. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचंच नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. तिथे जाताना ती आकड्यांची वही आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्या.